सातचं उत्तर आठला

१ डिसें., सोम.

साडेदहाला कोडं उघडलं आणि त्याच मिनिटाला कुकरची शिट्टी. कोडं पावणेबाराला सुटलं, भात खाली लागला. नितीन सेकंड शिफ्टला निघायच्या आधी जेवायला बसला, पहिला घास घेऊन माझ्याकडे बघितलं. "डिसेंबर लागला वाटतं," एवढंच म्हणाला.

एका साइटवर दर डिसेंबरात प्रोग्रामिंगची कोडी येतात. यंदा बाराच, रोज एक. आमचा तिघांचा ग्रुप, कॉलेजातला: शकील, देवराम आणि मी. सहा वर्षं हेच चाललंय. संध्याकाळी बरोब्बर सातला आपापला कोड ग्रुपवर टाकायचा, त्याआधी नाही. सुटलं नाही तर सरळ "पास" लिहायचं. मग एकमेकांची सालं काढायची.

यंदा माझं जरा जास्त अडलंय. शकीलच्या कंपनीत एक जागा आहे, घरून काम. तो म्हणतो, "तुझा अकरा वर्षांचा गॅप बघितला की बाकीचे फाईल बाजूला टाकतील. आमच्या मुग्धा मॅडम तशा नाहीत, त्या कोड वाचतात. बारा दिवसांचा तुझा कोड मी त्यांना पाठवतो. पण सगळे बारा हां, रेवती. मध्ये पास नको."

ठीक. बारा.

२ डिसें., मंगळ.

झालं. वीस ओळी. शकीलचं नऊ ओळींत, आणि वर "बस इतना ही?" असा टोमणा. मालेगावात त्यांचे यंत्रमाग होते. त्या खडखडाटात बसून अभ्यास केलेला माणूस, त्यामुळे कशानेच विचलित होत नाही. मला इथे शेजारच्यांच्या मिक्सरचा आवाज आला तरी लूप चुकतो.

देवरामचं नेहमीप्रमाणे मीच टाकलं. तो सुरगाण्याच्या पुढे आश्रमशाळेत शिक्षक. शाळेमागे पाण्याची टाकी आहे, तिच्यावर चढलं की रेंज. सकाळी तिथे जाऊन कोडं उतरवून घेतो, मुलांना गणितं घालून स्वतः कागदावर सोडवतो, दुपारच्या सुट्टीत शाळेच्या जुन्या लॅपटॉपवर. दीड-दोनला मला एकटीला कोड पाठवतो. संध्याकाळी पाड्यावर रेंज नसते, म्हणून सातला त्याच्या नावाने मी ग्रुपवर टाकते. सातच्या आधी मी ते उघडत नाही. तसं कधी बोलणं झालेलं नाही, पण नाही उघडत.

४ डिसें., गुरु.

कालचं लिहायचं राहिलं. काल सोपं, आज मध्यम. थंडी मात्र मनापासून पडली आहे. ईशाला (दहावी, सराव परीक्षा तोंडावर) स्वेटर शोधून दिला, तर म्हणे हा आजीबाईचा आहे. तो माझा कॉलेजातला आहे.

देवरामचा कोड वाचणं म्हणजे मजा असते. व्हेरिएबलची नावं मराठीत, रोमन लिपीत: paada, oadha, vaat. शकील म्हणतो, "याचा कोड चालवायला आधी एसटी पकडावी लागते."

६ डिसें., शनि.

आजचं कोडं साडेदहा ते सव्वासहा. मध्ये जेवण, भांडी, ईशाचा भूमितीचा एक प्रश्न. एकशे चाळीस ओळी. कुरूप, गबाळं, तीन ठिकाणी तेच तेच लिहिलेलं. पण माझं. सव्वासहाला उत्तर बरोबर आलं तेव्हा स्वयंपाकघरात एकटीच टाळ्या वाजवल्या.

शकील: "ये क्या है, यार? कोड आहे की लग्नाची यादी?"

म्हणो बापडा. सहा झाले. सहा राहिले.

७ डिसें., रवि.

शकील पास! चक्क. सासुरवाडीला गेला होता म्हणे. त्याला काय, त्याला नोकरी आहे.

हे वाचून माझंच मला वाईट दिसलं. पण लिहिलं ते लिहिलं.

९ डिसें., मंगळ.

आजचं नववं. साइटने दिलेल्या आकड्यांवरून एक लांबलचक वेडंवाकडं कुंपण तयार होतं, आणि त्याच्या आत किती चौकोन बसतात ते सांगायचं. मी आतला एकेक चौकोन मोजायला गेले. पंख्याचा घूंऽऽ आवाज काढून लॅपटॉप बसला तो बसलाच. परत चालू केला. परत बसला.

बाराला घोटीहून वन्सं आल्या, न कळवता, नव्या तांदळाचं पोतं घेऊन. तांदूळ सुंदर. वन्संना बसायला वेळ होता. "तू आपलं कर गं तुझं," असं दर दहा मिनिटांनी म्हणत होत्या आणि मध्ये सगळ्या घोटीची खबरबात. चारला गेल्या. तोवर माझं डोकं त्या लॅपटॉपसारखंच झालेलं.

देवरामचं एक चाळीसला आलं होतं.

साडेपाचला उघडलं.

लिहूनच टाकते, इथे तरी. त्याने आतले चौकोन मोजलेच नाहीत. कुंपणावरून फक्त एक फेरी मारली. बांधावरून चालत जायचं, कुठे किती वळलो ते लक्षात ठेवायचं, फेरी पुरी झाली की आतलं क्षेत्र आपोआप हातात. बावीस ओळी. वाचताना अंगावर काटा आला, इतकं सरळ. मग ती फाईल माझ्या नावाने वेगळी ठेवली, व्हेरिएबल इंग्रजीत केले, दोन फंक्शनं पाडली, ओळींचा क्रम फिरवला. माझे आकडे घालून चालवलं, उत्तर बरोबर.

पास लिहिता आलं असतं. शकीलने आधीच बजावलेलं, पास नको.

सातला माझं टाकलं. देवरामचं नाही टाकलं. दोन्ही एकत्र गेली असती तर कोणीही ओळखलं असतं. आठला टाकलं आणि वर लिहिलं, "देवरामचं आत्ता मिळालं, रेंजचं काहीतरी."

शकील: "रेवती!! क्या बात है. आत्तापर्यंतचं तुझं बेस्ट." मग आठनंतर: "देवरामचीही तीच आयडिया, पण तुझं जास्त स्वच्छ."

ताट तसंच झाकून ठेवलं.

१० डिसें., बुध.

दहावं मी स्वतः सोडवलं. हे मुद्दाम लिहिते आहे, ही पण गंमतच.

दुपारी १.३८, देवरामचा मेसेज, फक्त मला:

"रेवती, कालच्या तुझ्या कोडात फेरी साइटच्या आकड्यांतल्या ४७ नंबरच्या ओळीपासून सुरू होते. ४७ माझा आहे. माझा कोपरा तिथं येतो म्हणून मी हातानं घातला होता. तुझा वेगळा असणार. शकीलनं चालवून बघायच्या आत बदलून टाक."

खाली आजचा कोड, रोजच्यासारखा.

साइट प्रत्येकाला वेगवेगळे आकडे देते, सहा वर्षं मला हे पाठ आहे. घरी चालवताना मी ४७ काढून २१२ घातला होता. ग्रुपवर पेस्ट केली ती त्याआधीची फाईल. चोरी करायची तर नीट तरी करावी! तेही नाही.

आणि हा माणूस रागावत नाही, लपवायला मदत करतो. रागावला असता तर काहीतरी उत्तर देता आलं असतं. "थँक्स. बदलते," एवढंच लिहिलं, आणि बदललं. शकील मॅडमसाठी माझे कोड जमा करतोय त्या फोल्डरमध्ये आता २१२ आहे.

देवरामचं आजचं सातला टाकलं. सातच्या ठोक्याला.

११ डिसें., गुरु.

अकरावं सुटलं. साडेतीनला.

देवरामचा कोड आला नाही. दोनला एका शब्दाचा मेसेज, "पास." सहा वर्षांत पहिल्यांदा. टाकीवर माकडं असतात, एकदा लॅपटॉपची वायर तोडली होती, तसंच काहीतरी असेल. नाहीतर मुलांची परीक्षा. चोराच्या मनात चांदणं, मी आपली दर कारणाला दुसरं कारण जोडत बसले.

नितीनला सांगितलं शेवटी. तो डबा भरून घेत होता. म्हणाला, "कंपनीत सगळेच एकमेकांचं बघून करतात. आमच्याकडे एकाने जॉब पकडायला बनवलेलं फिक्स्चर दहा जण वापरतात. तू आता गप्प बस." मग दारातून परत वळून, "पण दहा जणांना माहीत असतं ते कोणाचं आहे, ते खरं."

हे दुसरं वाक्य बोलला नसता तरी चाललं असतं.

१२ डिसें., शुक्र.

बारावं झालं. बारा पूर्ण. शकीलने संध्याकाळी सगळं मुग्धा मॅडमना पाठवलं. उद्या अकराला व्हिडिओवर बोलणं.

देवराम आजही पास.

नववं तोंडपाठ केलं. फेरी का मारायची, वळणं कशी मोजायची, शेवटी एक का मिळवायचा. कोणी काहीही विचारो. कॉलेजातल्या तोंडी परीक्षेलासुद्धा एवढी तयारी केली नव्हती.

१३ डिसें., शनि.

मुग्धा मॅडम माझ्यापेक्षा लहान असाव्यात. चष्मा, शांत आवाज. पहिल्याच मिनिटाला नववं उघडलं.

"हे मला सगळ्यात आवडलं. बाकीचे आत शिरतात, तुम्ही कडेनेच फिरलात. सुचलं कसं?"

एक का मिळवायचा, याचं उत्तर माझ्याकडे होतं. सुचलं कसं, याचं नव्हतं. देवरामला ते सुचलं कारण त्याच्या बापाचं भाताचं खाचर उतारावर आहे, वेडंवाकडं, आणि ते लोक आत पाय न घालता बांधावरून चालून त्याचा अंदाज घेतात. थर्ड इयरला तो हे एकदा बोलला होता. म्हणजे आता मला त्याचा कोडच नाही, त्याचं शेतसुद्धा चोरावं लागलं असतं.

"हे माझं नाहीये," मी म्हटलं. "देवराम म्हणून मित्र आहे आमचा, त्याचं आहे. मी त्याचं बघून लिहिलं."

स्क्रीनवर माझाच चेहरा कोपऱ्यात दिसत होता, तो बघवेना.

मग त्यांनी विचारलं, "यातलं तुमचं कुठलं? म्हणजे तुमचंच, असं."

सहावं उघडलं. लग्नाची यादी. वीस-पंचवीस मिनिटं त्यावरच बोललो. हे तीनदा का लिहिलं, आज करायचं तर काय काढाल, इथे अडकलात तेव्हा काय केलंत. एकही उत्तर पाठ केलेलं नव्हतं. शेवटी "कळवतो" म्हणाल्या. तोंडावरून काही कळलं नाही.

बाराला शकीलचा फोन. एवढं चिडलेलं त्याला मी कधी ऐकलं नव्हतं.

"मला आधी का नाही सांगितलंस? अगं मी माझं नाव लावलं होतं तिथे! मी लिहून दिलं, सगळा कोड हिचा आहे म्हणून. आता मॅडम माझं पुढचं काही मानतील का?"

"मी सांगणार होते."

"कधी? जॉइन झाल्यावर?"

तो बरोबर होता. हात दाखवून अवलक्षण ते मी एकटीने करून घेतलं असतं तर एक वेळ चाललं असतं, त्याला पण ओढलं त्यात.

शेवटी म्हणाला, "आणि एक ऐक. मॅडमनी देवरामचा नंबर मागितलाय. त्याच्याशीपण बोलायचंय त्यांना. जागा एकच आहे, ते तुला माहितीये. मी त्याला विचारणार नाही. हे तू कर."

फोन ठेवला. खुदा हाफिज म्हणाला नाही, जे तो भांडणातसुद्धा म्हणतो.

१४ डिसें., रवि.

देवरामला काल रात्रीच मेसेज टाकून ठेवला होता, बोलायचंय म्हणून. सकाळी सातला त्याचा फोन आला, एसटीतून. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाचं सामान घ्यायला इथे नाशकातच येत होता. साडेदहाला सीबीएस स्टँडवर भेटलो. हातात याद्या, खांद्याला शबनम, केस निम्मे पांढरे. दोन वर्षांनी बघितलं त्याला.

टपरीवर चहा घेतला. मी सगळं एका दमात सांगितलं, मुलाखत धरून. तो बशीत चहा ओतून पीत होता. माझं संपल्यावर म्हणाला,

"उतरवलंस त्याचं काय नाय गं. पोरांना मी रोज सांगतो, बघून शिका. मी पण कॉलेजात तुझी जर्नलं उतरवलीत. लय उतरवलीत."

मला हलकं वाटायला लागलं होतं.

"पण माझं तू आठला टाकलंस."

मी कप बाकावर ठेवला.

"दीडला पाठवलं होतं मी. तू लिहिलंस, आत्ता मिळालं. मग शकीलनं लिहिलं, देवरामचीही तीच आयडिया. मी दुसऱ्या दिवशी टाकीवर उभं राहून वाचलं ते. माझंच, आणि मीच मागून आलो." बशी खाली ठेवली. "तो एक तास मला लय लागला, रेवती."

"चुकलं माझं," म्हटलं. याच्यापेक्षा चांगलं काही सुचलं नाही. मग विचारलं, "म्हणून दोन दिवस पास लिहिलंस?"

"पास कुठं? सुटली होती दोन्ही. टाकायची कुणाकडं?"

स्टँडवर भर गर्दीत डोळ्यांत पाणी आलं. पेठची गाडी लागल्याचं लाउडस्पीकरवर ओरडत होते. तो याद्या चाळत राहिला, माझ्याकडे न बघता. मला सावरायला वेळ देत होता हे कळत होतं, त्याने आणखीच रडू आलं.

मग नंबराचं सांगितलं. मॅडम त्याच्याशी बोलणार, जागा एक आहे, घरून काम आहे, पण त्याच्या घरी रेंज नाही, म्हणजे त्याला खाली सुरगाण्यात तरी खोली घ्यावी लागेल. शाळेचं काय, ते त्याचं त्याने बघायचं. सगळं खरं खरं सांगितलं, काही कमी-जास्त केलं नाही.

"तुला हवी ना ती?"

"हो."

"मग मला कशाला सांगतेस?"

"तुझा मेसेज माझ्याकडे एकदा अडकलाय. पुन्हा नको."

पहिल्यांदा हसला. थोडंसंच. म्हणाला, घरात विचारतो. सामान आणायला शालिमारच्या दुकानांकडे गेला. मी बरोबर येते म्हटलं, तर नको म्हणाला. ते "नको" कसलं होतं, कळलं नाही.

१५ डिसें., सोम.

कोडं नाही, त्यामुळे साडेदहाला हात रिकामे. कपाट आवरायला काढलं आणि तसंच ठेवलं. ग्रुप गप्प आहे. शकीलला सकाळी लिहिलं, "तुझं नाव खराब केलं, त्याची माफी मागते. मॅडमना मी स्वतः लिहिते की तुला काही माहीत नव्हतं." आणि लिहिलंही, इमेलवर, पाच ओळी. शकीलला लिहिलेल्या मेसेजखाली दोन निळ्या रेघा आल्या. उत्तर नाही.

ईशाने विचारलं, "तुला मिळाली का नोकरी?" अजून नाही म्हटलं. "मग एवढं तोंड पाडून का बसलीयेस, नाही असं तर अजून म्हटलेलं नाहीये ना त्यांनी." दहावीतली पोरगी. आजीबाईचा स्वेटर घालून बसली होती.

१६ डिसें., मंगळ.

सकाळी शकील: "मॅडमनी तुझी मेल मला पाठवली. ठीक आहे. राग जाईल, वेळ लागेल." एवढंच. मग अर्ध्या तासाने आणखी एक: "त्यांनी सहाव्याबद्दल विचारलं मला. तुझी नेहमीची पद्धत अशीच आहे का म्हणून. मी हो म्हटलं." हे चांगलं की वाईट, त्यालाही माहीत नाही.

दुपारी फोन हातातच घेऊन बसले होते. देवरामचा मेसेज यावा असं वाटत होतं, आणि येऊ नये असंही. खोटं कशाला लिहू? देवराम मुलाखतीला बसला तर त्यालाच घेतील. मी मॅडमच्या जागी असते तर मीसुद्धा त्यालाच घेतलं असतं. बावीस ओळी कुठे आणि एकशे चाळीस कुठे. आणि मला ती नोकरी हवी आहे. शनिवारी जेवढी हवी होती त्याहून जास्तच, कारण त्या पंचवीस मिनिटांत अकरा वर्षांनी कोणीतरी माझ्याशी कामाचं बोललं.

देवरामचा मेसेज आला. खाली त्याचा नवा नंबर, सुरगाण्यात रेंज मिळते त्या सिमचा. वर लिहिलेलं: "बायको म्हणाली बोलून तर बघा. शकीलकडं तूच पाठव."

आला तेव्हा एक वाजून चौतीस मिनिटं झाली होती. शकीलला पाठवला तेव्हाही एक चौतीसच.